एफआयआरमध्ये ‘कट’ आला तर: नवख्यांसाठी वाटाड्या

घरातल्या कुणाचं तरी नाव एफआयआरमध्ये आलंय. कलमांच्या रांगेत शेवटी ‘६१(२)’ लिहिलंय. आणि घरचे सगळे एकच सांगताहेत: तो त्या रात्री गावात नव्हताच, मुंबईला होता, हवं तर तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट दाखवतो. कटाच्या आरोपाला एवढं उत्तर पुरत नाही. एरवीच्या गुन्ह्यात माणूस कुठे होता याला मोठी किंमत असते. कटात तो कशाला ‘हो’ म्हणाला याला असते. त्यामुळे हातात येणारा प्रत्येक कागद एकच प्रश्न मनात ठेवून वाचायचा: होकार कुठे दिसतो, कुणाचा, आणि नेमका कशाला?

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या अशा घरांसाठी हे लिहितोय. नुकती सनद घेऊन तालुक्याच्या कोर्टात उभं राहू लागलेल्या मुलामुलींनाही उपयोगी पडावं. वकिलाची जागा हा लेख घेणार नाही. वकिलासमोर बसल्यावर काय विचारायचं, ते कळेल.

पायरी १: आधी तारीख, मग कलम

घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर भारतीय दंड संहिता लागते आणि कटाचं कलम १२०-ब दिसतं. त्या दिवशीची किंवा नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ६१. आशय जवळपास तोच आहे. १८६० च्या मूळ दंड संहितेत कट हा स्वतंत्र गुन्हा नव्हता, तो अपप्रेरणेचा, म्हणजे गुन्ह्याला फूस किंवा मदत देण्याचा, एक प्रकार होता. स्वतंत्र कलम आलं १९१३ मध्ये. हा जुना धागा लक्षात ठेवा, कारण शिक्षा मोजताना आजही अपप्रेरणेच्या कलमांकडेच जावं लागतं.

पायरी २: कट कशाला म्हणतात

दोन किंवा अधिक माणसांनी बेकायदा गोष्ट करायची, किंवा कायदेशीर गोष्ट बेकायदा मार्गाने करायची, असं आपसात ठरवलं की तो कट. ठरवलेली गोष्ट मुळात गुन्हा असेल, तर ठरवणं एवढंच पुरे. पुढे कुणी काडीही हलवली नाही तरी कायद्याच्या दृष्टीने कट पूर्ण झाला. ठरवलेली गोष्ट बेकायदा आहे पण गुन्हा नाही, अशा वेळी मात्र ठरल्यानंतर कुणीतरी काहीतरी कृती केलेली असावी लागते.

एक बंदर समजा. पारंपरिक मच्छीमार आणि एलईडी लावून मासेमारी करणारे यांचं भांडण पेटलंय. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत बोटी शाकारून वर घेतल्यात. एक वयस्कर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणतो, ‘त्या शेठचा ट्रॉलर जाळूया.’ पुतण्या म्हणतो, ‘काका, मी बघतो.’ मुंबईतला चाकरमानी भाऊ फोनवर सगळं ऐकून घेतो आणि ‘डिझेलला लागतील’ म्हणून पाच हजार पाठवतो. पंपावरचा पोरगा नेहमीसारखा कॅन भरून देतो. आणि बाजूला जाळं विणत बसलेला नेपाळी खलाशी सगळं ऐकतो, बोलत काहीच नाही.

तांडेल आणि पुतण्या यांच्यात कट झाला, तो ‘मी बघतो’ या शब्दांपाशी. भाऊ मुंबईत होता याने त्याचं काही वाचत नाही, उलट पैसे पाठवून त्याने आपला होकार पुराव्यानिशी ठेवून दिलाय. पंपावरच्या पोराला हेतूच ठाऊक नाही, त्यामुळे त्याचा कटाशी संबंध नाही. सगळ्यांनी सगळ्यांना ओळखायला हवं असंही नाही. भाऊ आणि पुतण्या वर्षभर बोलले नसतील तरी दोघं एकाच बेतात असू शकतात. खलाशाकडे पुन्हा येतो, त्याची गोष्ट जरा अवघड आहे.

मग दुसऱ्या दिवशी पुतण्याची उतरली आणि तो म्हणाला, ‘नको रे बाबा,’ तर? झालेला कट त्याने पुसला जात नाही. पण त्यानंतर इतरांनी जे केलं त्यापासून तो अंग काढू शकतो, आणि शिक्षेच्या वेळी त्याचं वजन पडतं. त्यासाठी नुसतं घरी झोपून राहणं पुरत नाही. इतरांना स्पष्ट सांगितलेलं हवं, आणि गावच्या पोलीस पाटलाला किंवा ठाण्यात वेळेवर कळवलं असेल तर उत्तमच.

पायरी ३: शिक्षा मोजा

इथे दोन डबे आहेत. ठरवलेला गुन्हा मृत्युदंड, जन्मठेप किंवा दोन वर्षं वा त्याहून अधिक सक्तमजुरीचा असेल, तर कट करणाऱ्याला त्या गुन्ह्याची अपप्रेरणा केल्यासारखी शिक्षा होते. बाकी किरकोळ कटांना सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

आपल्या बंदरावर परत या. डेक असलेली बोट आग लावून नष्ट करणं कलम ३२७(२) खाली जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतं. ट्रॉलर खरोखर जळला तर कलम ४९ मुळे तांडेल, पुतण्या आणि मुंबईचा भाऊ या तिघांनाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा लागू शकते, पेटती काडी कुणाच्याही हातात असो. जळला नाही, बेत आधीच फुटला, तर कलम ५५ लागतं आणि कमाल सात वर्षं व दंड. मूळ गुन्हा जन्मठेपेचा नसून ठराविक मुदतीच्या कैदेचा असता आणि घडला नसता, तर कलम ५६ प्रमाणे कमाल शिक्षेचा चौथा हिस्सा.

हा हिशेब पहिल्याच दिवशी करून ठेवा, कारण जामिनाची मुदत त्यावर हलते. दहा वर्षं वा त्याहून अधिक शिक्षेच्या, जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्यात दोषारोपपत्राला ९० दिवस मिळतात, बाकीच्यांत ६०; तेवढ्यात ते दाखल झालं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. ‘कट झाला, गुन्हा झाला नाही’ अशा प्रकरणात कमाल शिक्षा सात वर्षं, म्हणजे ६० दिवस. कोठडीत माणूस असताना हा एक महिन्याचा फरक घरच्यांना विचारा.

न्याय संहितेबाहेरचे गुन्हेही यात येतात. खवले मांजर हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षं. ‘पार्टी (गिऱ्हाईक) आहे, फक्त फोटो पाठव’ असं म्हणणाऱ्याला होकार देणारा पोरगा समजतो की आपण फक्त फोटो पाठवला. शिवाय त्या कायद्यात प्रयत्न आणि अपप्रेरणा यांनाही मूळ गुन्ह्याइतकंच मोजलं जातं.

सहा महिन्यांच्या डब्यातल्या कटाला एक संरक्षण आहे, ते पुष्कळ जण विसरतात. राज्य सरकार किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांची लेखी संमती असल्याशिवाय कोर्ट त्याची दखलच घेऊ शकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम २१७ बघा.

पायरी ४: शेजारची कलमं वेगळी काढा

एफआयआरमध्ये ६१(२) च्या आगेमागे ३(५) आणि १९० दिसतात. ३(५) म्हणजे समान उद्देश, जुनं कलम ३४. त्यात गुन्हा घडलेला असावा लागतो आणि माणसाचा त्यात काहीतरी सहभाग असावा लागतो. १९० म्हणजे बेकायदा जमाव, त्याला पाच माणसं लागतात. कटाला दोन पुरतात आणि कृतीची गरज नसते.

तिन्ही एकदम लावलेली दिसली की मी तरी सावध होतो. माणसांची नेमकी भूमिका तपासात सापडलेली नसते तेव्हा कलमांची अशी मोळी बांधतात, हे माझं मत. पण मोळी दिसली म्हणून आरोप पोकळ आहे असं धरून चालू नका.

आणि एकट्याचा कट नसतो. बाकीचे सगळे निर्दोष सुटले आणि अनोळखी साथीदार असल्याचंही सिद्ध नाही, तर उरलेल्या एकाला कटासाठी शिक्षा करता येत नाही. तोपनदास विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच हे सांगितलंय. आरोपींच्या यादीत ‘व इतर अनोळखी इसम’ हे शब्द कशासाठी असतात ते आता कळेल.

पायरी ५: बेत किती मोठा, आणि आपल्या माणसाला त्यातलं किती ठाऊक

याचं सर्वात मोठं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. १९९३ च्या जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला समुद्रातून माल उतरला. शस्त्रं होती, आरडीएक्स होतं. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले आणि २५७ माणसं गेली. टाडाच्या, म्हणजे तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या, कोर्टाने १०० जणांना दोषी ठरवलं. त्यांत माल उतरवणारे, वाहून नेणारे होते, आणि डोळेझाक करणारे कस्टम्सचे व पोलीस दलातलेही लोक होते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २१ मार्च २०१३ चा.

तो खटला वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. सगळ्यांना एकाच मापाने मोजलेलं नाही. स्फोटांचा संपूर्ण बेत ठाऊक असणारे वेगळे, आणि त्या बेतातल्या एखाद्याच तुकड्याला हातभार लावणारे वेगळे. काही जण मोठ्या कटाच्या आरोपातून सुटले आणि लहान आरोपात अडकले. संजय दत्तचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे: टाडाखालच्या आरोपांतून मुक्तता, पण बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल शिक्षा, जी शेवटी पाच वर्षांवर आली.

तुमच्या प्रकरणाला हे असं लावा. होडीतून रात्री खोकी उतरवणाऱ्याला ‘चांदी आहे’ असं सांगितलं असेल, तर त्याचा होकार तस्करीला आहे. तो सुटत नाही. पण त्याला स्फोटाच्या कटात बसवायचं असेल, तर त्याला त्याहून अधिक ठाऊक होतं हे सरकार पक्षाने दाखवलं पाहिजे. मजुरी नेहमीच्या कितीतरी पट दिली, खोकी उघडली गेली, आधी प्रशिक्षणाला नेलं, असल्या गोष्टींतून कोर्ट ते ताडतं.

पायरी ६: पुरावा चाळा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कट चारचौघांत होत नाही, म्हणून कोर्ट थेट पुराव्यावर अडून बसत नाही, परिस्थितीवरून अनुमान काढतं. पण अनुमानाची साखळी पक्की लागते, नुसता संशय चालत नाही.

पहिला कागद बहुधा सहआरोपीचा जबाब असतो. ‘अमक्याने पोलिसांना तुझं नाव सांगितलं’ हे ऐकून घरं हादरतात. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याचा नवा कायदा) कलम २३ प्रमाणे पुरावा म्हणून चालत नाही. त्यातून एखादी वस्तू सापडली, कॅन, कोयता, मोबाइल, तर तेवढ्या शोधाला जोडलेला भाग चालतो. मेमोरँडम पंचनामा म्हणतात तो हाच. तेव्हा बघा: आपल्या माणसाविरुद्ध त्या जबाबापलीकडे काय आहे? काहीच नसेल तर जामिनाच्या अर्जात ते पहिल्या परिच्छेदात यायला हवं.

याला एक मोठा अपवाद आहे. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा, लागला असेल तर पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा ठरू शकतो, त्याच खटल्यातल्या सहआरोपींविरुद्धसुद्धा. त्या कायद्यात कटाला किमान पाच वर्षं आहेत आणि अटकपूर्व जामीन नाही. मोक्का दिसला की या लेखातला निम्मा दिलासा बाजूला ठेवा आणि त्या कायद्यातला वकील गाठा.

दुसरं, साक्ष अधिनियमाचं कलम ८. कट होता असं मानायला वाजवी कारण दिसलं, की त्या बेताबाबत एकाने बोललेलं, लिहिलेलं, केलेलं सर्वांविरुद्ध वापरता येतं. तांडेलाने तिसऱ्याला पाठवलेला ‘पुतण्या तयार आहे’ हा निरोप पुतण्यावर येतो तो या दाराने. मात्र हे दार बेत चालू असेतोच उघडं असतं. बेत संपल्यावर किंवा माणूस पकडला गेल्यावर तो जे बोलतो ते यात येत नाही. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिशकाळातलं शेवटचं अपील न्यायालय) १९४० मध्ये मिर्झा अकबरच्या खटल्यात घातलेली ही मर्यादा अजून टिकून आहे. त्यामुळे प्रत्येक मेसेजपुढे तारीख आणि वेळ लिहून काढा.

तिसरं, फोन. सीडीआर, म्हणजे कंपनीकडची कॉलची नोंद, सांगतो की दोघं बोलले, काय बोलले ते सांगत नाही. चुलत भाऊ शिमग्याच्या आदल्या आठवड्यात दिवसाला दहा वेळा बोलत असतील तर त्यात नवल काय? मागच्या वर्षीच्या त्याच दिवसांतले कॉलही कोर्टापुढे आणता येतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये असणं म्हणजे होकार नव्हे, पण बेताच्या मेसेजखाली अंगठा दाखवला असेल तर तो समजावून सांगणं जड जातं. इलेक्ट्रॉनिक नोंदींना कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलंय का तेही बघा. आणि अटकेच्या भीतीने चॅट पुसू नका. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि पुसलेलं बऱ्याचदा दुसऱ्याच्या फोनवर जसंच्या तसं असतं.

चौथा, माफीचा साक्षीदार. कटातलाच एक जण फुटतो आणि सरकारतर्फे बोलतो. त्याच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते, पण कोर्टं तिला स्वतंत्र पुष्टी मागतात, आणि ती प्रत्येक आरोपीपुरती वेगळी. गांधीहत्येच्या खटल्यात दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार होता. त्याच्या साक्षीला सावरकरांपुरती स्वतंत्र पुष्टी मिळाली नाही, म्हणून १९४९ मध्ये कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. इतर आरोपी मात्र त्याच खटल्यात दोषी ठरले.

पायरी ७: नुसतं ऐकणाऱ्याचं काय?

आता तो खलाशी. बेत ठाऊक असणं म्हणजे बेतात असणं नव्हे. राजीव गांधी हत्या खटल्यात टाडा कोर्टाने २६ जणांना फाशी सुनावली होती. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांतल्या १९ जणांना हत्येच्या कटातून मुक्त केलं. कट करणाऱ्यांशी संबंध असणं, इतकंच काय, कट ठाऊक असणंही, पुरेसं नाही असं त्या निकालात आहे. होकार हवा.

म्हणून खलाशी मोकळा, असं मात्र नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये गुन्ह्यांची एक यादी आहे. खून, दरोडा, आग लावून किंवा जहाज नष्ट करून केलेलं नुकसान वगैरे. त्यांतला गुन्हा करण्याचा कुणाचा इरादा कळला, तर जवळच्या पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना लगेच सांगणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न सांगण्याला वाजवी कारण होतं, तर ते सिद्ध करण्याचा भार न सांगणाऱ्यावर. आणि फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा बेत, गुन्हा सोपा व्हावा म्हणून किंवा होईल हे जाणून, लपवला तर न्याय संहितेच्या कलम ५८ खाली गुन्हा घडल्यास सात आणि न घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. ‘आपल्याला काय करायचंय’ ही आपल्या वाड्यांमधली जुनी सवय इथे महाग पडते. मालकाच्या बोटीवर पोट असलेल्या परक्या मुलखातल्या पोराने त्याच मालकाच्या गावकीविरुद्ध पोलिसांत जावं, ही अपेक्षा कायदा किती सहज करतो, हा वेगळा विषय.

पायरी ८: ठाण्यावरून बोलावणं आलं तर

‘जरा येऊन जा’ असा फोन आला की विचारा: साक्षीदार म्हणून की आरोपी म्हणून? साक्षीदाराला लेखी नोटीस मागता येते. बाईमाणसाला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला, साठीपुढच्या म्हाताऱ्याला, अपंग किंवा फार आजारी माणसाला राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९). पोलिसांपुढच्या जबाबावर सही करायची नसते. स्वतःला गोवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायची सक्ती नाही, ती राज्यघटनेच्या कलम २०(३) ने काढून टाकली आहे. पण खोटंही सांगू नका. मुंबईला होतो म्हणायचं आणि टॉवर दापोलीचा निघायचा, याने जेवढं नुकसान होतं तेवढं गप्प राहण्याने कधी होत नाही.

अटक झाली तर कारणं सांगितली पाहिजेत, घरच्यांना कळवलं पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं पाहिजे. त्या पहिल्या हजेरीला वकील हवाच. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. कोठडीतला माणूस, स्त्री, अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती यांना मिळकत न बघता मोफत वकील मिळतो.

पायरी ९: कुठल्या कोर्टात, किती दिवसांत

अटकपूर्व जामिनाचा अर्ज (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४८२) सत्र न्यायालयात: रायगडसाठी मुख्य ठाणं अलिबाग, रत्नागिरीसाठी रत्नागिरी, सिंधुदुर्गासाठी ओरोस. तिथे फेटाळला गेला तर उच्च न्यायालय. आणि इथे अलीकडे मोठा बदल झालाय. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात बसतं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्गची प्रकरणं तिकडे जातात. रायगडकरांना मात्र मुंबईच. सावंतवाडीहून आंबोली घाट चढून जाणं मुंबईच्या रात्रभराच्या प्रवासापेक्षा केव्हाही परवडतं, पण जुन्या ओळखीचा मुंबईतला वकील तिकडे येईल का, हे आधीच विचारून घ्या.

बेत एका जिल्ह्यात शिजला आणि गुन्हा दुसऱ्यात झाला, तर खटला दोन्हींपैकी कुठेही चालू शकतो. बांद्यात ठरलं आणि पनवेलला घडलं, तर तारखांना कुठे जायचं याची तयारी ठेवा.

दोषारोपपत्र आल्यावर त्याची पूर्ण नक्कल मोफत मिळते. ती घेतल्यावर सहाव्या पायरीतल्या पुराव्यांचा एक तक्ता करा: कोणता पुरावा, कुणाविरुद्ध, कोणत्या तारखेचा, त्यात होकार दिसतो की नुसती ओळख. होकाराचा रकाना रिकामाच राहत असेल तर खटला सुरू होण्याआधीच डिस्चार्जचा, म्हणजे आरोपातून मुक्त करण्याचा, अर्ज करता येतो. सत्र खटल्यात तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५० खाली, प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्याच्या तारखेपासून ६० दिवसांत द्यायचा असतो. ही मुदत जुन्या संहितेत नव्हती, म्हणून वर्ग झाल्याच्या आदेशाची तारीख फाइलच्या मुखपृष्ठावरच लिहून ठेवा.